तर, तरच आणि तरी : चिन्हांच्या तर्कशास्त्राशी पहिली ओळख

आमच्या सोसायटीच्या फलकावर मागे एक सूचना लागली होती. ‘ज्यांनी मेंटेनन्स आणि पार्किंगचे पैसे भरलेले नाहीत, त्यांची नावे 10 तारखेला फलकावर लावण्यात येतील.’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मेंटेनन्स भरला होता, पार्किंगचे पैसे राहिले होते. 10 तारखेला त्यांचं नाव झळकलं आणि जिन्यात चांगला तासभर वाद झाला.

काका म्हणत होते, “दोन्ही भरले नाहीत त्यांची नावं लावणार होता ना? मी एक तर भरलंय!”

सेक्रेटरी म्हणत होते, “दोन्ही भरायचे होते. तुम्ही दोन्ही भरले नाहीत.”

‘दोन्ही भरले नाहीत’ हेच शब्द दोघांच्याही तोंडी होते आणि दोघांच्या मनातला अर्थ वेगळा होता. दोघंही चांगलं मराठी बोलत होते. घोळ त्या वाक्यातच होता. चिन्हांचं तर्कशास्त्र, म्हणजे पुस्तकातलं सिम्बॉलिक लॉजिक, नेमकं इथे उपयोगी पडतं. बोलताना जो अर्थ सैल राहतो, तो चिन्हात लिहिला की जागचा हलत नाही. हा वाद आपण पुढे चार ओळींच्या तक्त्यात मिटवू.

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा आहे. दिंडोरी, सिन्नर, निफाडकडून दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेली मुलं हा धडा इंग्रजीत वाचतात आणि त्यांना वाटतं, हे काहीतरी परकं आहे, पाठच करावं लागणार. माझं म्हणणं उलटं आहे. हा सगळा धडा तुमच्या रोजच्या बोलण्यातल्या आणि, किंवा, नाही, तर, तरच, तरी या सहा शब्दांवर उभा आहे. ते शब्द तुम्ही लहानपणापासून अचूक वापरता. आता फक्त त्यांच्याकडे जरा थांबून बघायचं.

पुस्तकात विधानांसाठी पी, क्यू, आर ही अक्षरं असतात. मी इथे प, क, र अशी अक्षरं घेते. सत्यासाठी ‘स’ आणि असत्यासाठी ‘अ’.

पायरी 1 : विधान कशाला म्हणायचं

जे वाक्य एक तर सत्य असतं नाही तर असत्य, दोन्ही एकदम नसतं, ते विधान. ‘त्र्यंबकेश्वर नाशिक जिल्ह्यात आहे’ हे विधान, सत्य. ‘गोदावरी अरबी समुद्राला मिळते’ हेही विधानच, फक्त असत्य; नाशिककर जिला गंगा म्हणतात ती ही गोदावरी जवळजवळ 1465 किलोमीटर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. असत्य वाक्य म्हणजे विधान नव्हे, असं पुष्कळ मुलांना पहिल्या दिवशी वाटतं. तसं नाही.

‘दार लाव’, ‘बस किती वाजता आहे?’, ‘काय गर्दी आहे रामकुंडावर!’ ही विधानं नाहीत. आज्ञा खरी की खोटी, हा प्रश्नच निघत नाही. ‘मिसळ झणझणीत आहे’ हेही विधान नाही, कारण उत्तर खाणाऱ्यावर ठरतं. ‘क्ष + 3 = 7’ हे क्ष किती ते सांगेपर्यंत विधान होत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. सत्य की असत्य हे आपल्याला माहीत असायलाच हवं, अशी अट नाही. ‘2 पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते’ हे गोल्डबाख या गणितीने 1742 मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रातून पुढे आलेलं अनुमान. ते खरं आहे की नाही, हे आजपर्यंत कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. तरी ते पक्कं विधान आहे, कारण दोनांपैकी एक उत्तर त्याला आहेच.

पायरी 2 : आणि, किंवा

‘आणि’ साठी ∧. प ∧ क हे तेव्हाच सत्य, जेव्हा प आणि क दोन्ही सत्य. द्राक्षबागेत व्यापारी म्हणतो, “मणी 18 मिलिमीटरचा पाहिजे आणि गोडी पाहिजे.” मणी टपोरा आहे पण आंबट आहे, तर सौदा होत नाही. एक अट हुकली की सगळंच हुकलं.

इथेच ‘पण’ आणि ‘तरी’ हे शब्दही बसवून टाका. ‘पाऊस होता तरी तो आला’ या वाक्यात आश्चर्य आहे, कौतुक आहे, पण खरं-खोटं तपासायला दोनच गोष्टी आहेत : पाऊस होता, आणि तो आला. म्हणून तेही प ∧ क. ‘तरी’ मध्ये ‘तर’ दिसतो म्हणून मुलं तिथे बाण (→, ‘जर-तर’ चं चिन्ह, ते पायरी 4 मध्ये येईल) काढून मोकळी होतात. ‘तरी’ ला बाण नाही.

‘किंवा’ साठी ∨. हे चिन्ह लॅटिनमधल्या ‘वेल’ या शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून आलं आणि त्या शब्दाचा अर्थ ‘दोन्ही असले तरी चालेल’ असा ‘किंवा’. बँकेत सांगतात, “आधार किंवा पॅन घेऊन या.” तुम्ही दोन्ही नेलीत तर कोणी परत पाठवत नाही. गणितातला ‘किंवा’ हा असा. खानावळीत थाळीबरोबर ‘पोळी किंवा भाकरी’ म्हणतात तो वेगळा. तिथे एकच मिळणार असते. गणितात दुसऱ्या प्रकारचा किंवा हवा असेल तर ‘पण दोन्ही नाही’ असं वेगळं लिहावं लागतं. प ∨ क असत्य होतं ते फक्त एकाच वेळी : दोन्ही असत्य असताना.

पायरी 3 : नाही

~प म्हणजे ‘प असं नाही’. प सत्य तर ~प असत्य, आणि उलट. चिन्ह सोपं आहे, मराठीतली जागा अवघड. आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, आणि शेवटी आल्यामुळे ते आधीच्या नेमक्या कोणत्या भागाला लागलंय ते कळत नाही. आमच्या सोसायटीचा वाद हाच होता.

म म्हणजे मेंटेनन्स भरला, प म्हणजे पार्किंगचे पैसे भरले, असं धरू. सेक्रेटरींच्या मनात होतं ~(म ∧ प), म्हणजे ‘दोन्ही भरले’ असं झालेलं नाही. काकांच्या मनात होतं ~म ∧ ~प, म्हणजे हेही नाही आणि तेही नाही. आता तक्ता मांडू.

| म | प | ~(म ∧ प) | ~म ∧ ~प |
|---|---|---|---|
| स | स | अ | अ |
| स | अ | स | अ |
| अ | स | स | अ |
| अ | अ | स | स |

काका दुसऱ्या ओळीत आहेत. सेक्रेटरींच्या अर्थाने त्यांचं नाव लागतं, काकांच्या अर्थाने लागत नाही. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतल्या लोकांना भांडायचं कारणच नव्हतं. मी हा तक्ता कागदावर काढून दोघांना दाखवला. पुढच्या महिन्यात सूचना बदलली : ‘ज्यांचे मेंटेनन्सचे किंवा पार्किंगचे पैसे बाकी आहेत...’ म्हणजे ~म ∨ ~प. त्याचा रकाना तुम्ही स्वतः भरून बघा. तो ~(म ∧ प) च्या रकान्याशी ओळीओळीने जुळतो. असा सगळा रकाना जुळला की दोन विधानं सममूल्य आहेत म्हणायचं आणि ≡ लिहायचं :

~(म ∧ प) ≡ ~म ∨ ~प
~(म ∨ प) ≡ ~म ∧ ~प

नाही कंसाच्या आत गेलं की ‘आणि’ चा ‘किंवा’ होतो, ‘किंवा’ चा ‘आणि’. हे डी मॉर्गनचे नियम. ऑगस्टस डी मॉर्गन हा इंग्रज गणिती 1806 साली आपल्याकडे, मदुराईत जन्मला. 1847 साली त्याचं तर्कशास्त्रावरचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी जॉर्ज बूल या दुसऱ्या इंग्रज गणितीनेही तर्क बीजगणितासारखा मांडून दाखवला. हा धडा सुरू होतो तो तिथून.

पायरी 4 : तर

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडखळतात.

प → क म्हणजे ‘जर प, तर क’. समजा बाबा म्हणाले, “पाऊस आला तर मी तुला सीबीएस बसस्थानकावर घ्यायला येईन.” बाबांनी शब्द मोडला असं तुम्ही कधी म्हणाल? पाऊस आला आणि ते आले, ठीक. पाऊस आला आणि ते आले नाहीत, तर शब्द मोडला. पाऊस आलाच नाही आणि तेही आले नाहीत, तर तक्रारीला जागा नाही. पाऊस नव्हता आणि तरी ते आले, तर तुम्ही ‘खोटं बोललात’ म्हणाल का? नाही म्हणणार.

| प | क | प → क |
|---|---|---|
| स | स | स |
| स | अ | अ |
| अ | स | स |
| अ | अ | स |

चारांत एकच ‘अ’. शेवटच्या दोन ओळी मुलांना खटकतात : पाऊसच नाही, मग विधान सत्य कसं? कारण विधान पावसाबद्दल नाही, शब्दाबद्दल आहे, आणि शब्द मोडलेला नाही. सत्य किंवा असत्य, यांतलं एक द्यायचंच आहे. असत्य म्हणायला पुरावा नाही, म्हणून सत्य. तक्ता विसरलात तर एवढंच आठवा : सत्यापासून निघून असत्यावर पोचला, तरच बाण मोडतो.

आता या बाणाचं काय उलटवता येतं आणि काय नाही. 2021 साली 15 ऑगस्टपासून नाशिक शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली होती. ते वाक्य चिन्हात लिहू. ह म्हणजे डोक्यावर हेल्मेट आहे, प म्हणजे पेट्रोल मिळतं.

~ह → ~प

वर्गात सातपूरहून येणाऱ्या एका मुलीने लगेच विचारलं, “म्हणजे मॅडम, हेल्मेट घातलं की पेट्रोल मिळणारच ना?” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “आणि पैसे?” वर्ग हसला, पण उत्तर तिथेच होतं. हेल्मेट आहे आणि खिशात पैसे नाहीत, किंवा पंपावर टँकरच आलेला नाही, तर पेट्रोल मिळणार नाही; आणि तरीही ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ हा नियम कुठे मोडलेला नसेल. म्हणून ह → प हे त्या पाटीतून निघत नाही.

निघतं ते वेगळं. नियम पाळला जात असेल, तर पेट्रोल भरून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असणार : प → ह. दोन्ही टोकांना ‘नाही’ लावायचं (असलेलं काढायचं) आणि बाणाची दिशा फिरवायची, की अर्थ तोच राहतो. याला पुस्तकात कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. नुसती दिशा फिरवली तर कॉन्व्हर्स, आपल्या भूमितीच्या पुस्तकातला व्यत्यास. नुसतं ‘नाही’ लावलं तर इन्व्हर्स. मूळ विधान आणि कॉन्ट्रापॉझिटिव्ह कायम एकत्र सत्य किंवा असत्य असतात. बाकी दोघांची तशी हमी नाही. ‘चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात’ हे सत्य. व्यत्यास घेतला तर आयत आडवा येतो. दहावीला पायथागोरसचं प्रमेय झाल्यावर त्याचा व्यत्यास वेगळा सिद्ध केला होता, आठवतं? कारण तो फुकट मिळत नाही.

ही दिशेची जाण आपल्याकडे फार जुनी आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्काच्या शास्त्रात, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान काढतात, कारण जिथे धूर तिथे अग्नी. पण जिथे अग्नी तिथे धूर असतोच, असं मात्र ते मानत नाहीत, आणि त्यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात. लालबुंद गोळा, धुराचा पत्ता नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, लोखंड तापवून ठोकणाऱ्या एखाद्या फोर्जिंग शॉपमध्ये डोकावलात तर हे उदाहरण डोळ्यांनी दिसेल.

पावसाळ्यात आपण सगळेच ही चूक करतो. नाशिकच्या वरच्या गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सोडला तर गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं. मारुतीच्या पायाशी पाणी आलेला फोटो मोबाईलवर येतो आणि लगेच पुढे जातो : “धरणातून पाणी सोडलं वाटतं!” सोडलं असेलही. पण धरणाच्या खालच्या बाजूला झालेल्या पावसानेही गोदा वाढते. प → क माहीत आहे आणि क घडलंय, एवढ्यावरून प घडलं असं म्हणता येत नाही. प → क माहीत आहे आणि क घडलेलं नाही, तर मात्र प घडलेलं नाही, हे छातीठोक सांगता येतं.

पायरी 5 : तरच

मराठीतल्या ‘च’ ने बाण उलटा फिरतो. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांना ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ मध्ये आठवडाभर घोळ होतो. आपल्याला एका अक्षरात कळतं.

‘हॉलतिकीट असेल तर परीक्षेला बसता येईल’ : ह → ब.
‘हॉलतिकीट असेल तरच परीक्षेला बसता येईल’ : ब → ह.

दुसऱ्या वाक्यात हॉलतिकीट असूनही, समजा उशीर झाला म्हणून, बसू दिलं नाही, तरी वाक्य खोटं ठरत नाही. हॉलतिकीट नसताना बसू दिलं, तर खोटं ठरतं. ‘-शिवाय नाही’ हेही तेच काम करतं : ‘हॉलतिकिटाशिवाय बसता येणार नाही’ म्हणजे ~ह → ~ब, म्हणजे ब → ह.

दोन्ही बाजूंनी बाण असेल तर प ↔ क, वाचताना ‘जर आणि तरच’. प आणि क दोन्ही सत्य किंवा दोन्ही असत्य असतील तेव्हा हे सत्य. ‘संख्येच्या अंकांच्या बेरजेला 3 ने भाग जात असेल तर आणि तरच संख्येला 3 ने भाग जातो.’ गणितात व्याख्या आणि कसोट्या या रूपात येतात, कारण तिथे दोन्हीकडून जाता यायला हवं.

पायरी 6 : तक्ता भरायची सवय

अक्षरं दोन तर 4 ओळी, तीन तर 8, चार तर 16. प्रत्येक नव्या अक्षराला दुप्पट. ओळी मनाने भरू नका, एखादी हमखास सुटते. 8 ओळी असतील तर पहिल्या रकान्यात चार स, चार अ. दुसऱ्यात दोन स, दोन अ, पुन्हा तसंच. तिसऱ्यात एकाआड एक.

मग कंसाच्या आतून बाहेर या. आधी ~, मग ∧ आणि ∨, शेवटी → आणि ↔. कंस द्यायला कंजुषी नको. आणि मधला प्रत्येक टप्पा वेगळ्या रकान्यात लिहा. दोन रकाने मनात करून तिसरा लिहिणाऱ्या मुलांचे गुण जातात ते तर्क चुकल्यामुळे नाही, नजर घसरल्यामुळे.

शेवटचा रकाना सगळा ‘स’ आला तर ते विधान टॉटॉलॉजी, सगळा ‘अ’ आला तर कॉन्ट्राडिक्शन. सरावाला [(प → क) ∧ ~क] → ~प घ्या. चारही ओळींत ‘स’ आला पाहिजे. मग [(प → क) ∧ क] → प घ्या. तिसऱ्या ओळीत ‘अ’ येईल. ती ओळ म्हणजे दुतोंड्या मारुतीचा फोटो : विसर्ग नाही, पाणी मात्र आहे.

पायरी 7 : सगळे आणि काही

∀ म्हणजे ‘प्रत्येक’, ∃ म्हणजे ‘निदान एक तरी आहे’. इथे एकच धोका आहे, नकाराचा. ‘या पेटीतली सगळी द्राक्षं गोड आहेत’ याचा नकार ‘सगळी आंबट आहेत’ असा नाही. ‘निदान एक मणी गोड नाही’ असा आहे. ‘सगळी मुलं आली नाहीत’ हे मराठी वाक्यही दोन अर्थांचं आहे, म्हणून लिहिताना ‘एकही आला नाही’ किंवा ‘काही जण आले नाहीत’ असं स्पष्ट लिहायची सवय लावा.

पायरी 8 : हे सगळं दिव्याच्या बटणात बघा

1937 साली क्लॉड शॅनन या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं की बूलचं बीजगणित विजेच्या स्विचला तंतोतंत लागू पडतं. एकामागे एक जोडलेले दोन स्विच म्हणजे ∧ : दोन्ही चालू असले तरच दिवा लागतो. समांतर जोडलेले दोन म्हणजे ∨ : एक चालू असला तरी पुरे. आज कॉम्प्युटरच्या चिपमधली गेटं, म्हणजे ∧, ∨, ~ ची कामं करणारे छोटे भाग, याच हिशेबाने चालतात. बारावीच्या धड्याच्या शेवटी स्विचिंग सर्किट आहेत ती म्हणूनच. मुलं तो भाग ऑप्शनला टाकतात, मला फार वाईट वाटतं, कारण तक्ता कशासाठी भरला ते तिथेच हाताला लागतं.

जिन्यातला दिवा घ्या. एक बटण खाली, एक वर. खालून लावायचा, वर जाऊन मालवायचा. प म्हणजे खालचं बटण वरच्या बाजूला आहे, क म्हणजे वरच्या मजल्यावरचं बटण वरच्या बाजूला आहे. दोन्ही बटणं एकाच दिशेला असली की दिवा लागतो, अशी जोडणी समजू :

(प ∧ क) ∨ (~प ∧ ~क)

तक्ता भरा : स, अ, अ, स. हा रकाना कुठे तरी पाहिलाय, हे लक्षात येईल. तो प ↔ क चाच आहे. आणि कोणत्याही ओळीतून निघून कोणतंही एक बटण खाली-वर करा, दिव्याची स्थिती बदलते. नाही तर जिन्याचा दिवा कामाचाच नाही.

आता तीन मजल्यांचा जिना आणि तीन बटणं घ्या : प, क, र. कुठल्याही मजल्यावरचं एक बटण दाबलं तरी दिवा बदलायला हवा. आठ ओळी मांडा, पहिल्या ओळीत दिवा लागलेला आहे असं धरा आणि उरलेल्या सात ओळी या एका अटीवरून भरत जा. मग ज्या ओळींत दिवा लागलाय, त्या ∧, ∨ आणि ~ वापरून एका सूत्रात लिहा. दिवा चार ओळींत लागलेला आला तर तुमचा तक्ता बरोबर आहे.